हमीदा बानू: आखाडा, तबेला आणि कल्याणचं घर

मातीतला_माणूस (धागालेखक)

हमीदा बानू हे नाव ४ मे २०२४ च्या गूगल डूडलनंतर पुष्कळांच्या कानावर गेलं. त्यानंतर आलेल्या लेखांत 'मला कुस्तीत हरवा आणि माझ्याशी लग्न करा' हे १९५४ चं आव्हान, बडोद्याची १ मिनिट ३४ सेकंदांची कुस्ती आणि खुराकाची यादी एवढंच फिरून फिरून येतं. पैलवान म्हणून ही बाई काय होती आणि नाव सगळ्यांत मोठं झालेलं असताना मैदानातून एकाएकी का गेली, यावर कुस्ती कळणाऱ्यांनी लिहावं म्हणून हा धागा.

आधी क्रम मांडतो. मूळची मिर्झापूरची, घर पैलवानांचं. तिथून अलीगढला सलाम पैलवानांच्या तालमीत, म्हणून 'अलीगढची अ‍ॅमेझॉन' हे बिरुद. १९३७ मध्ये आग्र्याला तिने लाहोरच्या फिरोज खानला पाडलं. १९४४ मध्ये मुंबईत गूंगा पैलवानाशी कुस्ती ठरली, २० हजार लोक जमले. गूंगाच्या बाजूने ऐन वेळी जास्त पैसे आणि तयारीला जास्त वेळ मागितला गेला, कुस्ती रद्द झाली आणि चिडलेल्या लोकांनी स्टेडियमची मोडतोड केली. फेब्रुवारी १९५४ मध्ये लग्नाचं आव्हान आलं. पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक असे दोन मल्ल हरले. मे महिन्यात बडोद्याला छोट्या गामाने माघार घेतली, त्याच्या जागी बाबा पैलवान उभा राहिला आणि दीड मिनिटात चीत झाला. त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या व्हेरा चिस्टिलिनला तिने मिनिटाच्या आत पाडलं आणि आता युरोपात जाऊन लढणार असं जाहीर केलं. इथून पुढे कुस्तीच्या बातम्यांतून ती दिसेनाशी होते.

बाकीचं घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या तोंडून आलेलं. नातवाने बीबीसीला सांगितलं की युरोपला जाऊ नये म्हणून सलाम पैलवानांनी मारहाण केली, त्यात हात मोडला. पायही मोडला होता आणि पुढे कित्येक वर्षं तिला लाठीशिवाय नीट चालता येत नव्हतं, असं कल्याणच्या शेजाऱ्यांकडून आलं. सलाम अलीगढला परतले, ती कल्याणलाच राहिली. दूध विकलं, इमारती भाड्याने दिल्या, पैसा संपला तेव्हा घरी केलेले खाण्याचे पदार्थ रस्त्याकडेला विकले. १९८६ मध्ये वारली. सलाम यांच्याशी तिचं लग्न झालं होतं की नाही यावर घरच्यांचंच एकमत नाही. त्या वादात इथे शिरू नये, ही विनंती.


डाव_प्रतिडाव

१ मिनिट ३४ सेकंद वाचून लोक एकतर थक्क होतात नाहीतर संशय घेतात. दोन्हींची गरज नाही. मातीच्या कुस्तीत गुण नाहीत, फेऱ्या नाहीत. पाठ मातीला लागली की निकाल. त्यामुळे तोडीस तोड जोड असेल तर कुस्ती पाऊण तास चालून बरोबरीत सुटते आणि जोड विषम असेल तर सलामी होते न होते तोच संपते. मधली वेळ कमीच दिसते.

आता तिची ठेवण बघा: उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. इतक्या बुटक्या आणि जड मल्लाचा पट काढायचा (वाकून पाय धरून पाडायचं) तर समोरच्याला कमरेतून खोल वाकावं लागतं, आणि तो वाकला की त्याची मान आपोआप हाताखाली येते. मानेवर हात पडला की पुढे खेचायचं, तो हातांवर आला की बाजूने सरकून मागे कब्जा घ्यायचा आणि सवारी भरायची. १०८ किलो पाठीवर बसलं की खालच्याचे खांदे अर्ध्या मिनिटात भरून येतात. तो हात मातीतून उचलतो तीच वेळ हप्ता किंवा घिस्सा (खालच्याला चीत करायचे डाव) भरायची. या अंगाच्या मल्लाचा झटपट निकाल सहसा याच वाटेने येतो.

अशा मल्लाचं बिघडतं कधी? समोरचा अंतर राखून हौद्यात (आखाड्याच्या मातीत) गोल फिरवत राहिला तर. पाचसहा मिनिटांत जड अंगाचा दम तुटतो, पाय एका रेषेत येतात, आणि मग ढाक किंवा बाहेरची टांग (पाडायचे डाव) लागायला वेळ लागत नाही. म्हणजे लवकर निकाल लावणं ही तिची गरजच होती. चिस्टिलिनशी झालेली कुस्तीही मिनिटाच्या आत संपली, यात मला एकच पद्धत दिसते.


निकाल_पंच

डाव_प्रतिडाव, मांडणी पटली. पण पुण्याची बाजू सोडून चालणार नाही. रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती तिथल्या कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळे रद्द झाली. बानूने मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. त्यांचं उत्तर असं की बंदी ती बाई आहे म्हणून घातलेली नाही. कुस्त्या भरवणारे ठेकेदार तिच्यासमोर 'डमी' (नावापुरते प्रतिस्पर्धी) उभे करतात अशा तक्रारी आल्या आहेत.

'डमी' म्हणजे नूराच (ठरवून केलेली कुस्ती) असं नाही. तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, आधीच ठरवून पडलेली कुस्ती. दुसरी, खरी लढलेली पण नाव नसलेला, वयाने उतरलेला किंवा वजनाने निम्मा गडी उभा केलेली. तिसरी, खरी जोड. ठेकेदाराला दुसरा प्रकार सगळ्यांत सोयीचा, कारण त्यात कोणाला पढवावं लागत नाही. फक्त जाहिरातीत त्या गड्याच्या नावापुढे एखाद्या गावाचं किंवा संस्थानाचं नाव जोडायचं.

हौद्याजवळ बसलेल्याला नूरा ओळखता येते. खरा गडी पडताना अंग पालथं टाकून मातीला चिकटतो. ठरवून पडणारा उताणा पडतो आणि तळवे उघडे ठेवतो. खरा गडी शेवटच्या क्षणी मानेवर पूल करून खांदे उचलतो, मान दुखावली तरी चालेल म्हणतो; ठरवलेल्याची मान ढिली असते. आणि खाली आलेला खरा गडी पाय पसरून कोपर अंगाशी घट्ट धरतो, कारण कोपर सुटलं की हप्ता बसतो. ठरवलेल्याचं कोपर स्वतःहून बाहेर येतं. हे तीन एकत्र दिसले की कुस्तीत राम नाही असं समजावं. नुसत्या घड्याळावरून मात्र कोणी ठरवू नये.


मातीतला_माणूस

आणखी एक भर. डमीची तक्रार ठेकेदारांवर होती, तिच्यावर नव्हती. गूंगाच्या वेळी तर समोर खरं मोठं नाव होतं आणि मोडता पलीकडून आला. छोट्या गामाला बडोद्याच्या महाराजांचा आश्रय होता. तोही बाजूला झाला. बाईशी जिंकलं तर त्यात नाव नाही आणि हरलं तर तोंड दाखवायला जागा नाही, अशा कुस्तीला नावाजलेला मल्ल उतरतच नाही. मग डमींखेरीज उरणार कोण? तिच्या यादीत मोठी नावं कमी असण्याचं हे सरळ कारण आहे, आणि त्याचा दोष तिच्या माथी मारणं मला अन्याय वाटतो.


खुराक_वही

खुराकाची यादी एकदा तपासून टाकू. रोजचं म्हणून छापलेलं असं: ५.६ लिटर दूध, २.८ लिटर सूप, १.८ लिटर फळांचा रस, एक कोंबडी, सुमारे किलोभर मटण, ४५० ग्रॅम लोणी, ६ अंडी, सुमारे किलोभर बदाम, २ मोठ्या रोट्या, २ थाळ्या बिर्याणी.

हे आकडे शेरात मांडले की गोल होतात. शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. दूध ६ शेर, सूप ३ शेर, रस २ शेर, मटण आणि बदाम प्रत्येकी १ शेर, लोणी अर्धा शेर. कोणी मोजून लिहिलेले आकडे इतके गोल येत नाहीत.

नुसत्या तीन पदार्थांची बेरीज बघा. शेरभर बदाम सुमारे ५,४०० कॅलरी. ५.६ लिटर म्हशीचं दूध सुमारे ५,५००. लोणी ३,२००. झाले १४,००० च्या वर, आणि यात मांस, बिर्याणी, अंडी धरलेलीच नाहीत. कसून मेहनत करणाऱ्या भारी वजनाच्या मल्लाला ५ ते ६ हजार पुरतात. शिवाय यादीबरोबर ६ तास मेहनत आणि ९ तास झोप असंही छापून आलं होतं. उरलेल्या ९ तासांत एवढं पोटात जाणं आणि पचणं शक्य नाही.


तालीम_थंडाई

यादी खोटी असेलच असं नाही, ती एका माणसाची नसेल. थंडाईला एका मल्लामागे १०० ते १५० ग्रॅम बदाम धरतात. रात्री भिजत घालायचे, पहाटे साल काढायची, कुंडीत खसखस, मगज, बडीशेप, चार मिरी, वेलदोडा घालून घोटण्याने घोटायचे, दूध थोडं थोडं सोडत जायचं आणि शेवटी फडक्यातून गाळायचं. घाईने घोटलं की रवाळ राहतं आणि मेहनतीनंतर पोटात गच्च बसतं. या मापाने शेरभर बदाम म्हणजे सातआठ जणांची कुंडी. सहा शेर दूधही तेवढ्याच जणांत बरोबर बसतं. सलाम पैलवानांची तालीम होती, पठ्ठे असणारच. तालमीचा खर्च बातमीदाराने एकटीच्या नावावर लिहिला असावा, असं मला वाटतं.


रतीब_पहाटेचा

धाग्याच्या शीर्षकात तबेला आहे आणि त्यावर कोणीच लिहिलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. बानू आणि सलाम अलीगढ, मुंबई आणि कल्याण असे फिरत, आणि कल्याणला त्यांचा दुधाचा धंदा होता. माझ्या मते तिची कारकीर्द आखडण्यात या धंद्याचा वाटा मारहाणीइतका नाट्यमय नाही, पण तो रोजचा आहे.

पैलवान म्हैस का पाळतो ते उघड आहे. चांगली म्हैस भरात दिवसाला ८ ते १० लिटर देते. खुराकाचं दूध विकत घेण्यापेक्षा दोन म्हशी बांधल्या की घरचं भागतं आणि उरलेलं विकता येतं. अडचण वेळेची. तबेल्यात धारा पहाटे तीन-चारला आणि दुपारी तीन-चारला. दोन धारांत बारा तासांचं अंतर राखावं लागतं, नाहीतर कास ताणते, दूध उतरत नाही आणि राहिलेल्या दुधामुळे दगडी (कासेची सूज) होते. एकदा दगडी झाली की तो सड त्या वेतात (पुढच्या विण्यापर्यंत) पहिल्यासारखा क्वचितच चालतो. आता तालमीची वेळ बघा: पहाटे लढती, दुपारनंतर जोर-बैठका. दोन्ही वेळा धारेवर येतात. जो धार काढतो त्याला तालीम नाही, जो तालमीत आहे त्याला धारेला दुसरा माणूस लागतो.

हाताने धार काढणारा कसलेला गडी एका वेळी आठ-दहा म्हशी उरकतो. त्यापलीकडे दुसरा गडी. शिवाय म्हैस हात ओळखते. नवा माणूस बसला की पान्हा चोरते (दूध रोखून धरते), चारपाच दिवस दूध तुटतं. दर म्हशीला रोज पंचवीस-तीस किलो हिरवा चारा, पाचसहा किलो कडबा किंवा पेंढा, आणि पेंडीचं माप दर दोन लिटर दुधामागे साधारण एक किलो, वर अंगासाठी दीड-दोन किलो वेगळी. हे रोज, सणवार न बघता.

मुंबईच्या आसपासच्या तबेल्यांची जुनी रीत अशी की ताजी व्यालेली म्हैस बाहेरून आणायची, दूध आटलं की भाकड म्हैस गावाकडे चराईला पाठवायची आणि तिच्या जागी दुसरी बांधायची. म्हणजे दर काही महिन्यांनी खरेदी, आणि ती जाणत्या नजरेच्या माणसानेच करायची. या धंद्यात दोन महिन्यांचा कुस्तीचा दौरा बसत नाही. घरात दोन माणसं असतील तर एक बांधला जातो, एक फिरतो. सलाम अलीगढला गेल्यावर दोन्ही कामं एकटीवर आली.


डाव_प्रतिडाव

रतीब, वेळेचं गणित चोख आहे. पण त्यावरून 'घराने कारकीर्द खाल्ली' असा अर्थ काढला तर तो मला सरसकट मान्य नाही. १९३७ ते १९५४ ही १७ वर्षं झाली. मातीच्या कुस्तीत पुरुष मल्लही इतका काळ वरच्या फळीत टिकला तर आपण टोपी काढतो. आणि ती १७ वर्षं ज्या घराने तिला उभं केलं, तालीम दिली, खुराक दिला, ठेकेदारांशी बोलणी केली, तेच हे घर. तिशी ओलांडलेल्या जड अंगाच्या मल्लाची पुढची वर्षं तशीही मोजकीच होती.


मातीतला_माणूस

वर्षं मोजकी होती हे कबूल. पण ती सर्वांत कमाईची वर्षं होती. देशात तिच्याशी लढायला कोणी मोठा तयार नव्हता, संघटना आडव्या येत होत्या, डमीचा बोभाटा झाला होता. परक्या देशाची मल्ल आणून तिच्यासमोर उभी केली तर यातलं काहीच आड येत नाही, हे चिस्टिलिनच्या वेळी दिसलं. म्हणजे युरोपचा दौरा ही तिच्यापुढची एकमेव मोकळी वाट होती, आणि घरच्यांचं म्हणणं खरं धरलं तर नेमकी तीच अडवली गेली. शिवाय घराने उभं केलं म्हणून हात मोडायचा अधिकार मिळत नाही. तालमीत वस्तादाचा शब्द मोडायचा नसतो हे आपण अभिमानाने सांगतो. वस्तादच घरात असेल तर तो शब्द कुठपर्यंत चालायचा, हेही सांगायला हवं.


सांधा_आणि_हाड

मोडलेल्या हाडानंतर १०८ किलोच्या मल्लाचं काय होतं ते लिहितो, कारण धाग्याच्या सुरुवातीच्या 'लाठीशिवाय नीट चालता येत नव्हतं' या एका ओळीत पुष्कळ आहे.

हाताचं म्हणाल तर मनगट ते कोपर या भागातली दोन्ही हाडं मोडली आणि प्लास्टरमध्ये थोडी वाकडी जुळली तर तळहात वर-खाली फिरवण्याची हालचाल कमी होते. रोजच्या कामाला ते फार जाणवत नाही. कुस्तीत मात्र मनगट फिरवूनच पकड सुटते आणि बसते. हप्ता भरायला, मानेवरचा हात आत वळवायला हीच हालचाल लागते.

पायाचं जास्त वाईट. नडगीचं हाड भरून यायला चार महिने सहज जातात. त्या काळी उपचार मुख्यतः प्लास्टरचा, गुडघा आणि घोटा दोन्ही बंद. महिन्याभरात मांडीचा पुढचा स्नायू डोळ्यांना दिसेल इतका बसतो. पुढे तो परत आणायचा तर बैठका हव्यात, आणि कच्च्या हाडावर १०८ किलो घेऊन बैठका मारता येत नाहीत. हाड तिरकं जुळलं किंवा आखूड झालं तर कंबर एका बाजूला कलते. पट काढताना पुढचा पाय खोल टाकून गुडघ्यावर भार घ्यावा लागतो, तिथे तो पाय दगा देतो. वर्षानुवर्षं लाठी लागली याचा अर्थ हाड नीट जुळलं नव्हतं किंवा सांधा आखडला होता. त्या पायावर हौद्यात परतणं शक्यच नव्हतं.

आणि तोच पाय तबेल्यातही नडतो. धार उकिडवं बसून काढतात.


करवीर_माती

कोल्हापूरचा उल्लेख राहिला. इथे शोभासिंग पंजाबी नावाच्या मल्लाला तिने हरवलं तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली आणि दगडफेक केली, पोलिसांना मध्ये पडावं लागलं. कोल्हापूरकर कुस्तीचा जाणकार म्हणून मिरवतो, त्यामुळे हे लिहायलाच हवं. काही जण म्हणतात लोक बनावट कुस्तीवर चिडले. तसं असेल तर राग ठेकेदारावर आणि पडलेल्या मल्लावर निघायला हवा होता. दगड जिंकलेल्या बाईवर आले.

त्या काळच्या तालमीत बाईला हौद्यात पाय ठेवू देत नसत. हळद, ताक, तेल, काव घालून केलेली ती माती देवासारखी पुजली जायची आणि त्याच नावाखाली बाईला बाहेर ठेवलं जायचं. तालमीच्या बाहेर राहिलं की जोडीचा सराव नाही, मैदान समितीत ओळख नाही, इनामाच्या यादीत नाव नाही. मग तिकीट लावून कुस्त्या भरवणाऱ्या ठेकेदाराशिवाय दार कोणतं? आणि ठेकेदार म्हटला की डमी आलीच. पुण्याने जी हरकत घेतली तिची मुळं पुण्या-कोल्हापूरच्याच रिवाजात होती.

सांगलीला मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. प्रतीक्षा बागडी जिंकली आणि अंतिम फेरीत तिच्यासमोर होती कल्याणची वैष्णवी पाटील. बानूने जिथे लाठी टेकत उतारवय काढलं त्याच कल्याणची मुलगी. आता मॅट आहे, गुण आहेत, बाईची जोड बाईशीच लागते, वजन आधी काट्यावर घेतात. डमी उभी करायला जागाच राहत नाही.


खुराक_वही

रतीब, एक प्रश्न. समजा हाड मोडलंच नसतं आणि घरातून हरकतही नसती. तबेला ठेवून युरोपचा चार महिन्यांचा दौरा करता आला असता का? त्या काळी बोटीचा प्रवासच जाऊन-येऊन महिन्याच्या वर.


रतीब_पहाटेचा

करता आला असता, पण तबेला मोडून. समजा दहा म्हशी धरा. भाकड आणि गाभण असलेल्या तीन-चार चराईला पाठवायच्या, त्यांचा खर्च महिन्याच्या महिन्याला पोचता करायला माणूस हवा. दुभत्या सहा-सात विकायच्या. दूध चालू असलेल्या म्हशीला भाव चांगला येतो, त्यामुळे दौऱ्याचं भांडवल त्यातूनच उभं राहिलं असतं. विकताना वेताचे दिवस बघावे लागतात: व्यायल्यापासून दोन महिन्यांच्या आतली असेल तर उत्तम भाव, सहा महिने उलटले की निम्म्यावर येतो. म्हणजे निघायच्या तारखेआधी पाचसहा आठवडे सौद्याला सुरुवात.

खरी अडचण गिऱ्हाइकाची. रतीब दोन दिवस चुकला की लोक दुसरा गवळी बघतात. म्हणून घरं आधीच शेजारच्या तबेलेवाल्याला लावून द्यायची, मागची उधारी महिना संपायच्या आत गोळा करायची, कारण एकदा दुसऱ्याचं दूध सुरू झालं की जुनी बाकी वसूल होत नाही. परत आल्यावर ती घरं तो परत देत नाही. नव्याने दारं फिरून पन्नास-साठ घरं जोडायला वर्ष जातं, आणि तोवर पेंडीवाला उधार देईल एवढी पत गाठीशी लागते.